शाळाघरातली अकरा पावलं

रोज संध्याकाळी साडेसहाला हरेश्वर मास्तर येतात, ही बातमी जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्या वेसाव्याला झाली. मास्तर वारले त्याला साठ वर्षं होऊन गेली होती. पण हयात असतानाही ते वेळेचे पक्के होते असं जुनी माणसं सांगत, त्यामुळे ते येतात याचं कुणाला फार वाटलं नाही. नवल झालं ते पावलांचं.

शाळाघराच्या मोठ्या खोलीत त्या वेळी शंभर-सव्वाशे माणसं मांडीला मांडी लावून बसलेली असत. साकीनाक्याहून, कुर्ल्याहून रिक्षा करून लोक येत. कांजूरमार्गचं एक महिला मंडळ तर टेम्पो करून आलं होतं. मधोमध पिवळी नायलॉनची दोरी बांधलेली. दोरीच्या आत फिकट शहाबादी फरशीची मोकळी पट्टी, आणि पट्टीच्या टोकाला मास्तरांची वेताची खुर्ची. सहाच्या ठोक्याला खाडीकडची दारं-खिडक्या उघडायच्या, घंटा वाजायची आणि सगळ्यांनी फरशीकडे डोळे लावायचे. पंधरा मिनिटं काही नाही. वीस मिनिटं काही नाही. कुणीतरी खोकायचं, कुणीतरी त्याला गप्प करायचं. आणि मग कोरड्या ठणठणीत फरशीवर, दाराशी, एक ओली टाच उमटायची. टाचेपुढे चवडा, चवड्यापुढे पाच बोटं. मग पुढचं पाऊल, मग त्याच्या पुढचं. दारापासून खुर्चीपर्यंत मोजून अकरा पावलं. कुणी आत आलेलं नसायचं, कुणी चाललेलं नसायचं.

"बसले," चंद्रप्रकाशजी हळूच म्हणायचे.

मग शंभर-सव्वाशे माणसं रिकाम्या खुर्चीला हात जोडायची.

चंद्रप्रकाशजी स्वतःला महाराज म्हणवून घेत नसत, बाबा तर नाहीच नाही. घाटकोपरला एका टॉवरमध्ये त्यांचं ऑफिस होतं, अंगात जाकीट असायचं आणि कपाळावर काही नसायचं. "मी कोण?" ते विचारायचे. लोक उत्सुकतेने बघायचे. "मी फक्त राउटर. सिग्नल वरून येतो. मी पासवर्ड मागत नाही, श्रद्धा मागतो." हे वाक्य लोकांना इतकं आवडायचं की काहीजण ते लिहून घ्यायचे.

पहिल्या दिवशी, म्हणजे एक तारखेला, ही पावलं उमटली तेव्हा मथुरा तिथंच होती. मथुरा बासष्ट वर्षांची, सुक्या मासळीचा धंदा करणारी कोळीण. ती काही चमत्कार बघायला आली नव्हती, वर्गाला आली होती. वर्ग सुटल्यावर ती ओटीवर धडा गिरवत साडेसहापर्यंत बसली होती. आतल्या खोलीत काय चाललंय म्हणून दारातून डोकावली, आणि ओल्या टाचा बघून तिच्या मनात एक गोष्ट आली. ती गोष्ट इतकी मासळीबाजारी होती की तिची तिलाच लाज वाटली. इथं एवढा मोठा पुण्यात्मा परत आलाय आणि आपल्या डोक्यात आपलं खारं सामान. तिने तिथल्या तिथे कानाला हात लावला आणि घरी गेली.

या घराला शाळाघर का म्हणतात, ते सांगायला हवं. हरेश्वर मास्तर इथल्याच कोळ्याच्या पोटचे. शिकले, शिक्षक झाले, आणि नव्वदेक वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या राहत्या घरात कोळणींसाठी वर्ग सुरू केला. त्या काळी बोट बुडाली की भगताला बोलवायचं, पोर आजारी पडलं की भगताला बोलवायचं, आणि बाईने पाटी हातात घेतली की दर्या कोपतो असं भगतानेच सांगितलेलं. मास्तर त्यावर भांडले. विधवांच्या बांगड्या फोडू दिल्या नाहीत, भगताला ओटीवर चढू दिलं नाही. या एका घरातून ती चळवळ किनाऱ्यावरच्या पाच-सहा कोळीवाड्यांत गेली. मरताना त्यांनी घर ट्रस्टच्या नावे केलं आणि कागदात एक अट घातली, की या घरात कुणी कुणाच्या पाया पडायचं नाही.

त्या वर्गाची वेळ आजही दुपारी तीन ते पाच. सकाळचा बाजार उरकल्यावर आणि संध्याकाळचा सुरू होण्याआधी कोळणीला तेवढेच दोन तास मिळतात. मथुरा सव्वा वर्षापूर्वी या वर्गात बसली. गेली चाळीस वर्षं तिला प्रत्येक कागद कुणी ना कुणी वाचून दाखवला होता, आणि वाचून दाखवणाऱ्याने काय गाळलं हे तिला कधीच कळलं नव्हतं. आधी ती अंधेरीत एका प्रौढ वर्गाला गेली होती. तिथं बाकावरच्या बायका नाकाला पदर लावून सरकून बसल्या. तिसऱ्या दिवशी मथुरा गेली नाही. शाळाघरात कुणी सरकत नव्हतं, कारण सगळ्यांच्याच अंगाला तोच वास. आता ती जोडाक्षरांपर्यंत आली होती. दुकानांच्या पाट्या वाचायची, अडायची, पुन्हा वाचायची. हा वर्ग गेला तर दुसरा मिळणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि तोच वर्ग आता हातचा चालला होता. त्याचं असं झालं की घराच्या छपराला गळती लागली. ट्रस्टचा सेक्रेटरी परेश हा मथुराच्या भावाचा मुलगा. त्याने डिसेंबरात चंद्रप्रकाशजींना ध्यान शिबिरासाठी आणलं. त्यांनी आल्या आल्या मोठ्या खोलीत स्वखर्चाने दोन एसी बसवले. दिवसभर दारं-खिडक्या बंद करून एसी चालू ठेवायचे, कारण म्हणे लहरी थंडाव्यात टिकतात. मग एक तारखेला मास्तर आले. दोन तारखेला दोरी आली. तीन तारखेला दारावर पाटी लागली: फरशी पुसू नये, ओलाव्याला हात लावू नये, अडचणीच्या दिवसांत स्त्रियांनी आत येऊ नये, मासळीचा वास घेऊन कुणीही आत येऊ नये.

ही पाटी मथुराने स्वतः वाचली. 'स्त्रियांनी'पाशी थोडी अडली, पण वाचली. सव्वा वर्षाच्या शिक्षणाचा हा तिला पहिला मोठा उपयोग झाला.

"परेश," ती भाच्याला म्हणाली, "मासळीचा वास म्हंजे आमी ना रं?"

"आत्या, तू मनाला नको लावून घेऊस. व्हायब्रेशनचा प्रॉब्लेम होतो. तुझ्याकडचं ते जाडं मीठ दे ना दोन किलो. चंद्रप्रकाशजींना पाय शेकायला लागतं."

तिने दिलं. मागच्या आठवड्यातही दिलं होतं.

वर्ग घेणारी नमिता महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवायची. मूळची वेसाव्याचीच, वय पस्तिशीचं, आणि नोकरी सांभाळून हा वर्ग फुकट चालवायची. तिने आधी ट्रस्टचे अध्यक्ष दत्ताराम यांना गाठलं. दत्ताराम मालवणकडचे. त्यांचे वडील गिरणीत होते आणि मास्तरांच्या हाताखाली लिहायला शिकलेले. माणूस सरळ, पण गुडघे वाकडे, आणि त्या पावलांच्या दर्शनाने गुडघ्यांना उतार पडला असं त्यांना वाटत होतं.

"काका, मास्तरांनी अट घातली आहे. या घरात कुणी कुणाच्या पाया पडायचं नाही."

दत्तारामांनी चंद्रप्रकाशजींकडे बघितलं.

"ताई, अट माणसांच्या पायांबद्दल आहे," चंद्रप्रकाशजी म्हणाले. "इथं पाय कुठं आहेत? इथं फक्त ठसे आहेत."

"माका पण ता पटता," दत्ताराम म्हणाले. "गुडघो खराच हलको झालो गो."

ठरलं ते असं: अठरा तारखेच्या रविवारी संध्याकाळी ट्रस्टची सभा, सभेत ठराव, आणि ठरावाने शाळाघर चंद्रप्रकाशजींच्या पाऊल सेवा मंडळाकडे. तोवर वर्ग ओटीवर घ्यायचा. दोन दिवसांनी ओटीवर चपलांचा स्टँड आला आणि वर्ग तिथूनही उठला.

नमिताने हार मानली नाही, पण तिचं डोकं पुस्तकातून निघालं आणि पुस्तकातच फिरत राहिलं. तिने प्लंबर आणून फरशीखाली पाइप आहे का बघितलं. नव्हता. छपराची गळती म्हणावी तर पावसाळा चार महिने मागे, आणि गळती काही उजवं-डावं बघून गळत नाही. परेशच्या परवानगीने तिने पाच ते सात मोबाइल लावून पट्टीचं चित्रण केलं. दोन तास कुणी पट्टीवर पाय ठेवला नाही आणि पावलं मात्र आली. ते चित्रण चंद्रप्रकाशजींनी मागून घेतलं आणि मोठ्या पडद्यावर लावलं. खाली लिहिलं, 'विज्ञान शिक्षिकेने स्वतः केलेली तपासणी'. दुसऱ्या दिवसापासून गर्दी दुप्पट झाली.

"आता काय करू मी?" नमिता गुरुवारी मथुराला म्हणाली. ती वर्ग बंद झाल्याचं सांगायला मथुराच्या दारी आली होती. संध्याकाळचे सहा वाजले असतील. समोर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते आणि मथुरा खारवलेले बांगडे उचलून टोपलीत भरत होती. "मावशी, मला खरंच काही सापडत नाही. रविवारी घर जाणार. वर्गाला मी दुसरी जागा शोधते आहे, पण..."

"आमाला कोन जागा देनार," मथुरा म्हणाली. तिचे डोळे भरले, आणि तिने ते लपवलेही नाहीत. "मना वाटलं व्हतं, मरायच्या आधी एक कागद तरी मी माझ्या डोळ्यांनी वाचीन. जाऊ दे. बसा बाई. तिथं नको, तिथं वलं हाय."

नमिता बसता बसता उठली. जिथं बांगडे ठेवले होते ती फरशी ओली होती. बाजूची फरशी कोरडी.

"पाणी सांडलंय?"

"सांडलं नाय. फरशीला घाम फुटलाय. मीठ मुरलंय तिच्यात. दुपारी बघाल तर खडखडीत, आनि सांजचा वारा सुटला का भिजली."

"रोज?"

"रोज. वारा जितका दमट तितकी जास्त. खाऱ्या फरशीचं तसंच असतं. एकदा धुवून काढलीत तरी चार दिस सोडत नाय."

नमिता त्या ओल्या डागाकडे बघत राहिली. डाग अगदी बांगड्यांच्या आकाराचा होता, शेपटीसकट.

"मावशी," ती सावकाश म्हणाली, "हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"लगीन झाल्यापासनं."

"नाही. शाळाघरातलं."

मथुराने टोपली खाली ठेवली.

"पयल्या दिवशी," ती म्हणाली. "बघितलं तवाच वाटलं, हे तर आपलं मीठ."

"मग बोलला का नाहीत?"

"मी काय बोलनार? तुमी इतक्या शिकलेल्या, तुमाला सापडत नव्हतं. प्लंबर आला, मोबाइल लावला. मना जोडाक्षरं येत नायत धड. मी म्हटलं, शिकलेल्या मान्सांना कळत नाय म्हंजे ते कायतरी मोठंच असनार. खारं-बिरं नसनार."

नमिताला राग आला. तो मथुराचा होता की स्वतःचा, ते तिला घरी पोचेपर्यंत कळलं नाही. सव्वा वर्ष ती या बाईला 'क'ला काना 'का' शिकवत होती, आणि या बाईला एकदाही विचारलं नव्हतं की मावशी, तुम्हाला काय वाटतं.

त्या रात्री नमिताच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी शहाबादी फरशीचा एक तुकडा होता. त्यावर तिने मिठाच्या दाट पाण्याने बोटाने एक फूल काढून वाळवलं होतं. सकाळी तुकडा गॅलरीत आणला. दहा मिनिटांत फूल ओलं होऊन वर आलं. बाकीचा दगड कोरडा. तिने मथुराला फोन केला.

"मावशी, रविवारी दुपारी तीनला याल? वाचनालयाच्या खोलीची किल्ली अजून माझ्याकडे आहे. तिथून आतलं दार मोठ्या खोलीत उघडतं. त्या वेळी चंद्रप्रकाशजी झोपतात आणि परेश जेवायला जातो."

"पावलं काढाची का आपन पन?"

"नाही," नमिता म्हणाली. "तुम्ही लिहायचं."

रविवारी सभेला दोनशे माणसं होती. आत मावली नाहीत ती खिडक्यांशी उभी राहिली. वर्गातल्या कोळणी पाटीला मान देऊन दाराबाहेर थांबल्या होत्या. मथुरा सगळ्यांच्या पुढे होती. तिला चंद्रप्रकाशजींची भीती नव्हती. तिला भीती होती की अक्षरं नीट आली नसली तर.

"आज मास्तर शेवटचा कौल देणार," चंद्रप्रकाशजी म्हणाले. "विज्ञान म्हणतं, सिद्ध करा. आम्ही म्हणतो, थांबा. वायफाय दिसतं का? नाही. चालतं का? चालतं. दारं उघडा."

दारं उघडली. खाडीवरचा वारा आत शिरला आणि दिवसभर एसीत गारठलेल्या फरशीवरून फिरला. घंटा वाजली. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. दाराशी टाच उमटली. माणसांनी श्वास सोडला. मग दुसरं पाऊल, तिसरं, चौथं. आणि सहाव्या पावलाच्या डाव्या अंगाला, जिथं आजवर काही उमटलं नव्हतं, तिथं एक जाड ओली रेघ उमटली.

रेघेखाली अक्षरं येऊ लागली. सावकाश, वाकडी, हातभर उंचीची.

चंद्रप्रकाशजी तिकडे बघत राहिले. परेशने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी परेशकडे बघितलं. पण माणूस धंद्यात मुरलेला होता.

"संदेश," ते म्हणाले. आवाज थोडा चिरकला. "पहिल्यांदाच लेखी संदेश. कुणी बोलू नका."

दोनशे माणसं वाकून वाचू लागली. 'उद्या वर्ग भरेल.'

"वर्ग," चंद्रप्रकाशजी डोळे मिटून म्हणाले. "मास्तरांच्या भाषेत वर्ग म्हणजे साधकांचा समुदाय. उद्यापासून साधक भरतील असा आदेश आहे."

"पण ह्या मास्तरांचा अक्षर नाय," दत्ताराम पुढे वाकून म्हणाले. "माझ्या बापाशीक तेंनी लिवलेली पत्रां घराक आसत. मोत्यासारखा अक्षर."

"वरच्या लोकात हात थोडा थरथरतो, काका."

"असात," दत्ताराम म्हणाले.

तेवढ्यात दुसरी ओळ वर आली. पहिलीपेक्षा बारीक, कारण लिहिताना जागा संपत आली होती. एका शाळकरी मुलीने ती मोठ्याने वाचली.

"हे मथुराने लिहिलं."

वरच्या लोकात मथुरा कोण, याचा विचार चंद्रप्रकाशजींनी केलाही असेल, पण त्यांना बोलायला वेळ मिळाला नाही. दारातली मथुरा आत आली होती. अंगाला वास येत होता आणि तो सगळ्यांना येत होता. ती दोरीखालून वाकून आत गेली आणि आपल्या अक्षरांशेजारी उभी राहिली. तिने एकदा खाली बघितलं. नीट आली होती.

"मी मथुरा," ती म्हणाली. "हे मी दुपारी लिवलं. मिठाच्या पान्याने. तुमी बसलाय तवाच ते हितं व्हतं, सुकलेलं व्हतं म्हून दिसत नव्हतं. दार उघडलं, वारा आला, मिठाने पानी वढलं. दार जवळ, म्हून दाराशी आधी. खुर्ची लांब, म्हून खुर्चीशी शेवट. पावलांचं पन तेच हाय."

"खोटं आहे," परेश म्हणाला.

"परेश, मीठ कुनाकडनं नेलंस?"

"आत्या, ते पाय शेकायला..."

"दर आठवड्याला दोन किलो. यांचे पाय तेवढे शेकले असते तर आतापातूर खारवून निघाले असते."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि मग गप्प झालं, कारण आत आता नमिता गोड्या पाण्याची बादली घेऊन आली होती. तिसऱ्या पावलापाशी मथुरा खाली बसली. तिने ते पाऊल ओल्या फडक्याने घासलं, फडकं पिळलं, पुन्हा घासलं, पुन्हा पिळलं, असं बारा-तेरा वेळा केलं. मग कोरड्या पंचाने फरशी टिपून घेतली.

"आता बसा अर्धा तास. मास्तर येत असतील तर मधलं पाऊल गाळून थोडेच चालतील? नाय आलं तर समजा, मीठ गेलं."

माणसं बसली. रोज ती काहीतरी होण्याची वाट बघत, आज काही न होण्याची. बाकीची दहा पावलं आणखी ओली होत गेली. तिसऱ्या पावलाची जागा फिकट आणि कोरडी राहिली. अर्ध्या तासाने दत्ताराम स्वतः उठले आणि दोरीच्या आत गेले. चौथ्या पावलावर त्यांनी बोट टेकलं आणि ते जिभेला लावलं. सतरा दिवसांत हे कुणी केलं नव्हतं, कारण पाटी होती.

"खारट," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पण माझे गुडघे बरे झालले."

"काका, तुम्ही रोज चालत येता ना इथं?" नमिताने विचारलं. "आधी येत होता?"

दत्ताराम गुडघ्याकडे बघत राहिले.

"अश्रद्धेने लहरी विस्कटतात," चंद्रप्रकाशजी म्हणाले, पण ते जाकिटाचं बटण लावत म्हणाले. त्यांना घाटकोपरला एक कार्यक्रम असल्याचं आठवलं होतं. लोकांनी वाट करून दिली. एसी मात्र भिंतीवर राहिले.

दाराबाहेरून सुंदराबाई आत आली. ही मथुराच्या शेजारी बाजारात बसणारी, पंच्याहत्तरी गाठलेली.

"मथुरा, मना पन ठाव व्हतं गं," ती म्हणाली.

"कधीपासनं?"

"दोन तारखेपासनं. नातीला घेऊन आलेली. बघितलं नि मनात म्हटलं, हे तर खारं. मग म्हटलं, म्हातारे, तू गप बस."

"मना पन," मागून प्रेमा म्हणाली. ती बोंबील वाळवते. मग आणखी एक बाई, मग आणखी एक. शाळाघराच्या दारात बारा-पंधरा कोळणी उभ्या होत्या आणि त्यातल्या प्रत्येकीला पहिल्या नजरेत कळलेलं होतं. प्रत्येकीने ते गिळलं होतं, कारण प्रत्येकीला वाटलं की आपण अडाणी, आपलं कळणं हे काही कळणं नव्हे.

एक बाई गर्दीतून पुढे आली आणि मथुराच्या पायांशी वाकली. "मावशी, मास्तरांनीच तुम्हाला बुद्धी दिली."

मथुरा दोन पावलं मागे सरली.

"मास्तर कवाचे मेले," ती म्हणाली. "मना हे माझ्या सासूने शिकवलं, आनि सासूला फरशीने. तुमी उठा आधी. आनि ऐका. ह्या मान्साने मीठ लावलं ते खरं. पन सतरा दिस त्याचं चाललं ते मिठाने नाय चाललं. माझ्या गप बसन्याने चाललं. मी एक तारखेला बोलली असती तर दोरीच बांधाय लागली नसती. ज्याला जे ठाव हाय ते त्याने तोंडाने बोलावं. चुकलं तर चुकलं. बघून घेता येतं, मगा बघितलं तसं."

एवढं बोलून ती जवळच्या जागेवर बसली. ती मास्तरांची खुर्ची होती.

ठराव झाला नाही. परेशने सेक्रेटरीपद सोडलं. तो मथुराशी पंधरा दिवस बोलला नाही आणि मग बोलायला लागला, कारण घरची सुकी मासळी तिच्याकडूनच यायची. फरशी धुऊन काढायला चार दिवस लागले. पण दुसऱ्याच दिवशी, सोमवारी तीनला वर्ग भरला तेव्हा चौदाच्या जागी एकतीस बायका होत्या आणि नमिताने फळ्यावर काही लिहिण्याआधी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, की तुम्हाला काय काय येतं ते सांगा. सव्वापाच झाले तरी सांगणं संपलं नव्हतं.

महिन्याभराने बातमी आली. मुलुंडला एका सोसायटीत जिन्याच्या भिंतीवर कुणा सत्पुरुषाची आकृती आपोआप उमटली होती, आणि रांग पार गेटबाहेर गेली होती. वर्गात सुंदराबाईने विचारलं, "मथुरा, जायाचं का बघाला? तुना कळेल ते."

मथुरा पेपरातली ती बातमी स्वतः वाचत होती. बोट ओळीवरून सरकत होतं. तिने ती शेवटपर्यंत वाचली, मगच मान वर केली.

"मना भिंतीचं काय कळनार?" ती म्हणाली. "ती भिंत कोनी रंगवली ते बघा. त्या रंगाऱ्याला ठाव असेल. तो गप बसला असेल कुठंतरी. जाऊन त्याला विचारू."